धक्का घराण्याकडे टिकतो तो वहीमुळे

बोटी लागतात असा एखादा जुना धक्का चार-पाच पिढ्या एकाच घराण्याकडे राहिला की लोक वारशाचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते देखभालीच्या वहीचं. कुठला खांब कधी बदलला, लाकूड कुठलं होतं, भराव कुठे खचला हे ज्या घरात लिहून ठेवतात, त्यांचाच धक्का उभा राहतो.

लाकडी धक्क्याचा खरा शत्रू दिसत नाही. टेरेडो हा शिंपल्यांच्या जातकुळीतला जीव. पिल्लू असताना टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून तो आत शिरतो आणि खांब आतून पोखरतो. वरून लाकूड धडधाकटच दिसतं. 1919 ते 1921 या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातले कितीतरी धक्के यानेच कोसळवले.

म्हणून तपासणी उधाणाच्या दिवसांतच करावी, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी सगळ्यात खाली जाते. आधी कालवं आणि शेवाळ खरवडायचं, मग खांबावर हातोडी मारायची. भरीव लाकूड खणखणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. शंका आली तर बारीक ड्रिल मारून भुसा बघायचा. ते भोक प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या खुंटीने तिथल्या तिथे बंद करायचं, नाहीतर टेरेडोला आपणच वाट करून दिली असं होतं. तळाजवळच्या भागासाठी मात्र पाणबुड्याच लागतो.

वरच्या बाजूला वैरी वेगळा: पावसाचं गोडं पाणी. खांबाच्या कापलेल्या डोक्यातून ते आत मुरतं आणि बुरशी धरते. डोक्यावर टोपी हवी, फळ्यांमध्ये 8-10 मिलिमीटर फट हवी आणि त्या फटींतला कचरा नेमाने काढायला हवा. एवढ्या साध्या कामाचा आळस पुढे तुळईला भोवतो.

दगडी धक्क्यात ओहोटीला बाहेरचं पाणी झरझर उतरतं, भिंतीमागच्या भरावातलं मागे राहतं आणि भिंतीला बाहेर रेटतं. भिंतीतली निचऱ्याची भोकं तुंबली किंवा कुणी हौसेने दगडांमधल्या सगळ्या दर्जा (सांधे) सिमेंटने लिंपल्या, की फुगवटा आलाच म्हणून समजा. फरशी खचली तर वरून खडी ओतू नये. भराव खालून वाहून जातोय, ती वाट आधी शोधावी. मग ती बंद करून जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) आणि मोठी-बारीक खडी थराथराने भरावी.

इतकं करूनही धक्का हातचा जातो तो वाटणीत. आठ वारस, आठ हिस्से. दुरुस्तीला एक तयार, विकायला तिघं, बाकीचे गप्प. माझं ठाम मत आहे की धक्का वाटूच नये. ट्रस्ट किंवा कंपनीच्या नावावर तो अखंड ठेवावा आणि बोटींकडून मिळणाऱ्या नांगरभाड्यातला ठरलेला भाग दुरुस्ती निधीत टाकल्याशिवाय कुणाला नफा देऊ नये. बऱ्याच देशांत धक्क्याखालचा समुद्रतळ सरकारी असतो, घराण्याकडे असतो तो फक्त भाडेपट्टा. त्याच्या नूतनीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी आणि घरातल्या किमान दोघांना ती ठाऊक असावी.