फोल्डर वाचता येत नाही म्हणे! का, ते सांगा ना!

मे महिन्यातले दोन दिवस गेले माझे, मेलच्या प्रोग्रामने दाखवलेल्या या एका ओळीपायी: "मेलबॉक्सचे फोल्डर वाचता येत नाही." खाली 'ओके'चं बटण. काय ओके? बाबांच्या पेन्शनचा २०११ पासूनचा सगळा पत्रव्यवहार त्यात आहे. बाबा गेले, आता आईच्या फॅमिली पेन्शनसाठी त्यातली दोन पत्रं सोमवारी दाखवायची आहेत!

जुनी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली म्हणून नवी बसवली, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकली, बॅकअपमधून मेलचं फोल्डर जागच्या जागी ठेवलं. तेव्हापासून हे. ज्याला विचारावं तो म्हणे, "अकाउंट काढा, परत टाका, मेल आपोआप येतील." अरे भाऊ, कुठून येतील? पीओपीचं खातं आहे, मेल उतरला की सर्व्हरवरून पुसला जायचा. जे आहे ते या डिस्कवर! भर उन्हात मानेवाड्यावरून बर्डीला सीपीयू नेला, तर दुकानातला पोरगा केबलही न जोडता म्हणतो, "फाइल करप्ट आहे काका, फॉरमॅट मारून देतो." इनबॉक्समधले सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत एकापाठोपाठ असतात. ती पुसली की एकही पत्र उरत नाही. आणि हा न बघता ती पुसायला निघाला! उचलला सीपीयू, घरी आलो. आई दारातच, "सापडलं का रे?" काय सांगू तिला?

काल रात्री टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून 'एलएस -एल' दिलं; फाइल कोणाच्या मालकीची ते त्यात दिसतं. मालक: रूट, म्हणजे सिस्टीमचा मुख्य ॲडमिन! बॅकअप परत आणताना कमांडला सुडो लावलं होतं, म्हणजे ती रूटच्या अधिकाराने चालवली होती, त्यात सगळ्या फाइली रूटच्या नावावर गेल्या, आणि फोल्डर उघडायची परवानगी फक्त मालकाला. मेलचा प्रोग्राम चालतो माझ्या नावाने, म्हणून त्याला आत जाऊच दिलं नाही. फाइलीला काहीही झालेलं नव्हतं. मालक बदलणारी 'chown -R' कमांड देऊन सगळं माझ्या नावावर केलं, सेकंदात पत्रं समोर.

डोकं फिरतं ते इथे. लिनक्स मेलच्या प्रोग्रामला कारण सांगतं हो! फाइलच नसेल तर एरर २, डिस्क वाचताना बिघाड आला तर ५, परवानगी नसेल तर १३. इलाजही वेगवेगळे. २ आला तर फाइल कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता तपासायचा. ५ आला तर बाकी सगळं सोडून आधी डिस्कची कॉपी काढायची, तिथे उशीर महागात पडतो. १३ आला तर फक्त मालकी किंवा परवानगी बदलायची. हे सगळं प्रोग्रामला कळलेलं असतं, आणि तो तिन्ही गिळून 'वाचता येत नाही' एवढंच दाखवतो. मग माणूस घाबरतो, अकाउंट काढतो, फॉरमॅटला हो म्हणतो, आणि चांगली असलेली फाइल स्वतःच्या हाताने घालवतो. बर्डीत मी हो म्हटलं असतं तर?

१३. दोन आकडे. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर तेवढी जागा नव्हती?