बेअरिंग तापलं की ग्रीस मारा? आधी ड्रेन प्लग उघडा

दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, ठाणे-बेलापूर रोडवरच्या मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय. वर ‘३० वर्षांचा अनुभव, पुढे पाठवा’, आणि खाली नियम. हाउसिंगवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर, हात ठेवता आला नाही तर बेअरिंग गेलं. तापलं तर नवीन ग्रीस बाहेर दिसेपर्यंत ग्रीस मारा. तरी उतरलं नाही तर वर ओलं गोणपाट टाका. मशीन थरथरलं तर रोटर बॅलन्सिंगला पाठवा. कपलिंग (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा सांधा) रबरी असेल तर अलाइनमेंटची, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणण्याची, गरज नाही. आणि पुढच्या वेळी सी३ (आत जास्त फट असलेलं बेअरिंग) टाका, मग तापणारच नाही. वागळे इस्टेटमध्ये एका पंपरूममध्ये याची प्रिंट पॅनेलला चिकटवलेली पाहिली, तेव्हा म्हटलं आता उत्तर द्यायलाच हवं.

हाताचं आधी उरकू. साधारण ६० अंशांना माणूस हात काढून घेतो. मोटर आणि पंपांची कितीतरी धडधाकट बेअरिंगं ६० ते ८० अंशांवर वर्षानुवर्षं चालतात. उलट, रोज ४० दाखवणारं बेअरिंग त्याच लोडवर अचानक ५५ दाखवू लागलं तर काळजीचं कारण आहे, पण हाताला ते ठीकच लागणार. म्हणून आकडा रोज लिहा, त्याच जागेवरचा. टेम्परेचर गन चकचकीत धातूवर खोटं कमी दाखवते. हाउसिंगवर काळ्या रंगाचा एक ठिपका मारून ठेवा आणि गन तिथेच धरा.

आता ग्रीस. या एका सल्ल्याने जितकी बेअरिंगं मारली असतील तितकी ग्रीस न मिळाल्यानेही मेली नसतील, असं माझं मत आहे. वेगात फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरलं की बॉल ते घुसळत बसतात. त्या घुसळण्याची उष्णता होते, ग्रीसमधलं तेल सुटतं, तापमान आणखी चढतं, आणि फिटर आणखी चार स्ट्रोक मारतो. मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मा एवढंच ग्रीस पुरतं. पुन्हा भरताना ठोकताळा सोपा आहे: बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. ६३१० नंबरचं घ्या. बाहेरचा व्यास ११०, रुंदी २७. ११० गुणिले २७ गुणिले ०.००५, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. आपल्या ग्रीस गनचे दहा स्ट्रोक कागदावर काढून काट्यावर तोला, म्हणजे १५ ग्रॅमला किती स्ट्रोक लागतात ते कळेल.

‘नवीन ग्रीस दिसेपर्यंत’ म्हणे. दिसणार कुठून? महापेच्या एका कंपनीत ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटच्या) ब्लोअरची मोटर अशीच तापत होती. जुनं ग्रीस बाहेर पडायच्या ड्रेन प्लगवर रंगाचे इतके थर बसले होते की तिथे प्लग आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. पाना लावून तो काढला, मोटर चालवली, तर आतून काळं, पातळ झालेलं ग्रीस बोटभर जाड वळीसारखं बराच वेळ येत राहिलं. काही वेळाने तापमान आपोआप उतरलं. उरलेलं ग्रीस आतल्या कव्हरवरून वाइंडिंगपर्यंत गेलं होतं, ते निराळंच. शिवाय मोटरला कंपनीचं पॉलियुरिया ग्रीस असतं आणि स्टोअरमध्ये लिथियमचा डबा. बऱ्याचदा दोन्ही एकत्र आले की ग्रीस पाण्यासारखं पातळ होतं. एक मात्र मान्य: हळू फिरणाऱ्या, धुळीतल्या प्लमर ब्लॉकमध्ये (शाफ्टला आधार देणाऱ्या, बोल्टने बसवलेल्या बेअरिंगच्या घरात) भरपूर ग्रीस चालतं, ते कचरा बाहेर ठेवतं. मेसेज लिहिणाऱ्याची ३० वर्षं बहुधा अशाच कन्व्हेअरवर गेली असावीत.

ओल्या गोणपाटाचा उपाय तर घातकच. साध्या ६३१० मध्ये बॉल आणि रिंगांमधली आतली फट ६ ते २३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यातली काही आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसवतानाच संपते. स्टील मीटरला प्रत्येक अंशामागे साधारण १२ मायक्रॉन आकसतं. म्हणजे बाहेरची रिंग आतल्या रिंगपेक्षा फक्त १० अंशांनी थंड झाली, तरी १०० मिलिमीटर व्यासावर १२ मायक्रॉन गेले. फट संपली की बॉल दोन्ही रिंगांत दाबले जातात आणि आत उष्णता वाढते. टेम्परेचर गन मात्र ओल्या हाउसिंगवर कमी आकडा दाखवते, त्यामुळे सगळे खूश. सीलमधून पाणी आत गेलं तर गंजही आलाच.

थरथरीचं कारण बॅलन्स असू शकतं, पण रोटर काढण्याआधी फुकटात होणाऱ्या गोष्टी करा. पंख्याच्या पात्यांवरचा थर खरवडा. सप्लाय तोडा: थरथर त्याच क्षणी गेली तर दोष इलेक्ट्रिकल बाजूला आहे, वेग उतरताना मध्येच एकदा उसळली तर रेझोनन्स, म्हणजे त्या वेगाला सांगाडाच सुरात थरथरतो. मग मोटरच्या पायाजवळ डायल गेज लावून एकेक बोल्ट सैल करा. काटा ०.०५ मिलिमीटरच्या पुढे सरकला की तो पाय अधांतरी आहे, खाली शिम (पातळ पत्रा) घाला. १५ ते ३०० किलोवॅटच्या, पक्क्या फाउंडेशनवरच्या मशीनला आयएसओ १०८१६-३ (२०२२ पासून त्याच्या जागी आयएसओ २०८१६-३) प्रमाणे थरथरीचा वेग सेकंदाला २.८ मिलिमीटरपर्यंत चालतो, ४.५ च्या वर नुकसानीची भीती. पण बेअरिंगच्या दोषाची सुरुवात या आकड्यात दिसत नाही, त्यासाठी अ‍ॅक्सिलरेशन किंवा एन्व्हलप (बारीक ठोके वेगळे काढणारं) रीडिंग घ्यावं लागतं.

रबरी कपलिंग चूक पोटात घेतं हे खरं, पण सगळी नाही. कपलिंगच्या गार्डखाली काळी रबराची पूड पडलेली दिसली तर समजा की वाकडेपणा रोज दळला जातोय. कॅटलॉगमध्ये दिलेली वाकडेपणाची सूट कपलिंगपुरती असते. उरलेला भार बेअरिंगवर येतो, आणि बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य आठवा हिस्सा राहतं.

सी३ बद्दल फार बोलायला नको. जुन्यावर सी३ असेल तर सी३च टाका, नसेल तर का बदलताय ते आधी ठरवा. जास्त फटीने वाकडं अलाइनमेंट सरळ होत नाही.

आणि काढलेलं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी बाहेरची रिंग कापून आत बॉल फिरून उमटलेला पट्टा तपासा. अर्ध्या भागावर एकसारखा पट्टा असेल तर भार नेहमीचा होता. पट्टा तिरका गेला असेल तर शाफ्ट किंवा हाउसिंग वाकडं आहे. कपडे धुण्याच्या फळीसारख्या जवळजवळ आडव्या रेघा असतील आणि मोटर व्हीएफडीवर (वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) असेल, तर शाफ्टमधून करंट जातोय. तिथे इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टला अर्थिंग ब्रश लागतो, आणि मेसेजमधला एकही उपाय कामाचा नाही.