रोबोट कपाटात, टँकर दारात

आज पोराच्या शाळेत पालकसभा होती. शाळा मिशनची, फादर-सिस्टरांची. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. यंदा रोबोटिक्स लॅब आली म्हणून कौतुकाने दाखवायला नेलं. काचेच्या कपाटात किट, कपाटाला कुलूप. पुढच्या वर्षीपासून वेगळी फी. मी विचारलं, मुलांना हात लावू देता का? "मॅडम, सेन्सर महाग असतात, सर डेमो दाखवतात." आणि खिडकीबाहेर टँकर रिकामा होत होता, कारण शाळेचा बोअर आटलाय. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो, हे त्या खोलीत कुणाच्या गावीही नव्हतं!

मी स्वतः मिशनच्या बोर्डिंगात शिकले. विज्ञानाला केरळच्या एक सिस्टर होत्या, मराठी अडखळत बोलायच्या. एकदा आवारातला हापसा बंद पडला. मिस्त्री आला तसं सिस्टरांनी आठवीचा अख्खा वर्ग उठवून तिथे नेला. एकेक पाइप वर आला, आम्ही मोजत होतो. शेवटी सिलिंडर निघालं. त्यातलं वायसर झिजून कडेला चिरलेलं. ते हातोहात फिरवलं, सगळ्यांचे फ्रॉक काळे. मग सिस्टर म्हणाल्या, हे सिलिंडर एवढं खोल कशाला सोडायचं? वरूनच ओढू की पाणी! सगळे गप्प. तेव्हा त्यांनी सांगितलं, हवेच्या दाबाने पाणी फार तर 10 मीटर चढतं, त्याहून खोल असलेलं खालूनच उचलावं लागतं.

हवेचा दाब मला परत कधी पाठ करावा लागला नाही. तिथेच पाइपांच्या लांबीचं गणित झालं, आपल्याकडे पाणी एवढं खोल का गेलं याचा भूगोल झाला, आणि पान्हा कसा धरायचा तेही मिस्त्रीने शिकवलं. कुठलं किट लागलं होतं हो?

चिडते यासाठी की आपल्या शाळांना हा वारसा आहे. मटारच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम काढून 1866 मध्ये निबंध छापणारा मेंडेल मठात राहणारा. विश्व पसरतंय हे 1927 मध्ये मांडणारे लमेत्र धर्मगुरू. कोलकात्याचे फादर लाफाँ जगदीशचंद्र बोसांचे शिक्षक, आणि 1876 मध्ये महेंद्रलाल सरकारांनी विज्ञानाची संस्था काढली तेव्हा तेही सोबत होते. यांचा एक फोटो भिंतीवर नाही. भिंतीवर टॉपरांचे फ्लेक्स! (गॅलिलिओ काढू नका आता. 1633 चा तो निकाल चुकला, पोपनीच 1992 मध्ये मान्य केलंय.)

बरं, लातूर पॅटर्नच्या मुलखात राहतो, मार्क लागतात, माझ्याही पोराला लागतील. आणि त्या डेमोवाल्या सरांवर माझा राग नाही. वर्गात साठ पोरं, पगार सांगायला लाज वाटेल असा, वर किटचा एक तुकडा हरवला तर जबाबदारी त्यांचीच. कुलूप त्यांनी हौसेने नाही लावलं.

पण करणारे करतातच. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कळबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची पोरं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक, रक्तगट तपासणं असलं सगळं हाताने करतात. खेड्यातल्या साध्या शाळांना जमतं, आणि आपल्याला एवढं मोठं आवार असून जमत नाही? आमच्या सिस्टरांना तर मराठीही धड येत नव्हतं!

पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये निसर्ग आणि पाण्यावर एवढं मोठं पत्र काढलं. आपण काय केलं? चित्रकला स्पर्धा.

शाळेचं छप्पर 500 चौरस मीटर धरा. 10 मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर 5,000 लिटर पाणी, म्हणजे एक लहान टँकर. हा गुणाकार सातवीला येतो. आठवीने पावसाची रोज नोंद ठेवावी, नववीने पन्हळ आणि पाइप बसवावेत, दहावीने वाळू-कोळशाचा फिल्टर करून पाणी तपासावं. फादरना उद्या हेच लेखी देणार आहे. पालकांपैकी कुणी प्लंबिंगचं काम करत असेल तर सहीला या, आणि पान्हे घेऊन या.