‘वार पडली की शुगर गेली’ म्हणे!

फॅमिली ग्रुपवर फिरणारा एक मेसेज बऱ्याच जणींना आला असेल: ‘गरोदरपणातली शुगर बाळंतपणाबरोबर जाते. नंतरच्या तपासण्या म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा. बारीक बायकांनी तर घाबरूच नये. गुळाचे डिंकाचे लाडू खा, बाळाला अंगावर पाजा आणि निर्धास्त राहा.’

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि घोळ तिथेच होतो. वारेतून (म्हणजे प्लासेंटातून) स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो. वार पडली की ती झपाट्याने उतरतात. कित्येक जणींची इन्शुलिनची इंजेक्शनं प्रसूती होताच थांबतात. घरच्यांना वाटतं, सुटलो. पण वार तर प्रत्येक गरोदर बाईला असते, मग शुगर काहींचीच का वाढते? कारण त्या काळात लागणारं जास्तीचं इन्शुलिन त्यांचं स्वादुपिंड पुरवू शकत नाही. हा कमकुवतपणा वारेबरोबर पडून जात नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२० साली आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार, अशा बायकांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दहापट असते.

आता ‘लॅबवाल्यांचा धंदा’. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी करा, असं केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. आकडा उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, नाहीतर दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त आला तर तो मधुमेह. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ मध्ये असेल तर गाडी मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे. ‘नुसती फास्टिंग करून टाकू’ म्हटलं की नेमक्या या उंबरठ्यावरच्या बायका सुटतात. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) तर इतक्या लवकर भरवशाची नसते. बाळंतपणातला रक्तस्राव, रक्तक्षय, लोहाच्या गोळ्या या सगळ्यांमुळे तिचा आकडा खालीवर होतो.

खरी अडचण वेगळीच आहे. बाई माहेरी बाळंतीण, गरोदरपणाची फाइल सासरच्या गावी, बाळाचे डॉक्टर तिसरेच. आईच्या शुगरची आठवण कोण ठेवणार? त्यावर एक सोपा उपाय: बाळाची दीड महिन्याची लस असते, त्याच आठवड्यात आईची तपासणी उरकून घ्या. दोन तास बसायचं असतं, बाळाला सांभाळायला आजी किंवा मावशी बरोबर न्या. रिपोर्ट नॉर्मल आला तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासणी करायचीच, आयुष्यभर.

‘बारीक बायकांनी घाबरू नये’ हे तर पुण्यात बसून कुणी म्हणूच नये. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांची ‘बारीक पण चरबीयुक्त’ शरीररचना जगापुढे मांडली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वजनकाट्यावर जाऊ नका, कमरेला टेप लावा.

लाडवांचं म्हणाल, तर डिंकाने काही बिघडत नाही. बिघडवतो तो गूळ. त्यात थोडी खनिजं असतील, पण बहुतांश ती साखरच, आणि रक्तातही साखरेसारखीच उतरते. म्हणून बाळंतिणीला उपाशी ठेवा असं कुणी म्हणत नाहीये. अंगावर पाजणाऱ्या आईला जास्तच खावं लागतं. भाकरी, डाळ, अंडी, मासे, मेथीची भाजी, बिनसाखरेच्या दुधातले हळीव. लाडू हवाच असेल तर लिंबाएवढा, जेवणाचा भाग म्हणून. दर तासाला आग्रहाने भरवलेला नको.

स्तनपानाचा सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर. त्याने आईचा पुढचा धोका कमी होतो, असं अभ्यासांत दिसलंय. पण कमी होणं आणि संपणं यांत फरक आहे. आणि स्तनपान चालू असतानाही इन्शुलिन घेता येतं. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरच्या गोळ्यांतलं औषधही दुधात अगदी अल्प उतरतं, ते डॉक्टरांना विचारून घेता येतं.

मेसेजमध्ये नसलेली चांगली बातमीही आहे. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात उंबरठ्यावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं असं लक्ष्य धरलं होतं. त्यांतल्या गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांचा धोका जवळपास निम्म्याने घटला. मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटातही साधारण तितकाच. त्या बायकांच्या बाळंतपणाला सरासरी बारा वर्षं उलटून गेली होती. म्हणजे पोरगं सातवीत गेलं तरी उशीर झालेला नाही. सिझेरियन झालं असेल तर चालायला कधी लागायचं ते डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी जेवणानंतर दहा मिनिटं फेऱ्या मारल्या तरी सुरुवात झाली.

आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस जाण्याआधी शुगर तपासा. बाळाचे अवयव पहिल्या दोन महिन्यांत घडतात. न कळलेला मधुमेह असेल तर नुकसान तेव्हाच होतं, बऱ्याचदा पहिल्या सोनोग्राफीच्याही आधी. दिवस गेल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, ‘मागच्या वेळी शुगर होती.’ नाव नव्या दवाखान्यात घातलं असेल तर हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.