कुत्री किती लिटरची?

गेल्या रविवारी मी एका शोरूममध्ये नव्याकोऱ्या गाडीच्या डिकीत गुडघ्यांवर रांगत होतो. आमच्या घरी ३४ किलोचा लॅब्रॅडोर बंड्या आणि ५४ किलोची ग्रेट डेन छकुली आहे (नाव ठेवले तेव्हा ती भाजीच्या टोपलीत मावत असे). सध्याच्या गाडीत छकुली मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून प्रवास करते आणि कात्रजचा घाट येईपर्यंत तिची लाळ कॉलरमधून बनियनपर्यंत पोचलेली असते.

दहा लाखांच्या आत, दोन मोठी कुत्री नेता येतील अशी गाडी दाखवा म्हटल्यावर विक्रेत्या तरुणाने आधी सनरूफ उघडून दाखवले आणि मग डिकी ‘तीनशे लिटरच्या वर’ असल्याचे सांगितले. कुत्री ओतून न्यायची नाहीत, असे मी म्हणालो, आणि तिथेच चुकलो. सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीची वाट बघत, फुकटची कॉफी घेत सोफ्यावर बसलेले एक गृहस्थ उठून आले.

“दोघांचे मिळून वजन किती?”

“८८ किलो.”

“कुत्रा पाण्यात जेमतेम तरंगतो, म्हणजे त्याची घनता पाण्याइतकीच धरायची. ८८ किलो म्हणजे ८८ लिटर. अहो, तुमच्या अशा तीन जोड्या मावतील!”

“पण त्यांना पाय आहेत.”

“वजन पाय धरूनच केलेत ना?”

यावर मला उत्तर सुचले नाही, ते अजूनही सुचलेले नाही. विक्रेता मात्र “सर, काका बरोबर बोलतायत” म्हणून मोकळा झाला.

खरे दुखणे लिटरांचे नाहीच, उंचीचे आहे. डिकीच्या तळापासून वरच्या फळीपर्यंत माझ्या टेपने १७ इंच भरले. छकुली खांद्यापाशीच ३० इंच आहे. पेट्रोल गाडीची लांबी चार मीटर आणि इंजिन १२०० सीसीच्या आत राहिले तर जीएसटी १८ टक्के, बाहेर गेली की ४०, असा २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा हिशेब आहे. त्यामुळे स्वस्त गाडीची शेपटी नेमकी डिकीपाशी छाटली जाते, आणि सीएनजी गाडी घेतली तर उरलेल्या जागेत बहुधा तिची टाकी येऊन बसते. तिसरी रांग काढल्यावर ६२५ लिटर जागा देणारी रेनोची सात आसनी ट्रायबर मला ठाऊक आहे. पण काढलेल्या सीट दिवाणखान्यात ठेवल्या की दोन्ही कुत्री त्यांवरून उठणार नाहीत. आणि जाहिरातींतल्या प्रत्येक ‘फॅमिली कार’मध्ये एक गोंडस कुत्रा असतो, तो खिडकीतून बाहेर बघत असतो; तो आत कुठून चढला, हे कोणी दाखवत नाही.

हे सारे पटवून देण्यासाठी मी फळी काढून स्वतःच डिकीत शिरलो आणि छकुलीप्रमाणे मान वर केली. डोके छताला आपटले. त्याच वेळी शेजारच्या हार घातलेल्या गाडीपुढे एक कुटुंब किल्ली हातात घेऊन उभे होते. त्यातल्या बाई मला म्हणाल्या, “काका, जरा आत होता का? फोटोत येताय.”

मी आत झालो. गृहस्थांनी वाकून विचारले, “तुमचे वजन किती?”

“७८.”

“बघा,” ते विक्रेत्याला म्हणाले, “७८ लिटर आरामात मावले.”