पुन्हा न वाचलेल्या कादंबऱ्या आणि रोज ऐकलेली गाणी

ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर गेल्या शनिवारी डॉक्टरने एक विधान केले आणि त्यावरून जुंपलेला वाद चहाच्या दोन फेऱ्या होऊन गेल्या तरी मिटला नाही. त्याचे म्हणणे असे, की आमच्या पिढीला ‘कोसला’ आणि ‘मृत्युंजय’ या कादंबऱ्या आणि अलिशा चिनॉय, लकी अली, केके यांची गाणी एकाच कारणासाठी आवडतात, आणि ते कारण म्हणजे ती पहिल्यांदा भेटली तेव्हा आम्ही विशीत होतो. कादंबरी कसदार आहे की नाही, चाल सुरेख आहे की सामान्य, याच्याशी त्या आवडीचा काडीचाही संबंध नाही. आम्ही आमच्या तारुण्यावर प्रेम करतो आणि नाव मात्र पुस्तकाचे आणि गाण्याचे घेतो. हे मत इतके सर्रास ऐकू येते आणि इतक्या सहज मान्य होते, की त्याची उलटतपासणी कोणी करत नाही. त्या संध्याकाळी ती झाली, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

डॉक्टर हा माझा शाळेपासूनचा मित्र. मास्तर आमच्याहून बरेच मोठे, मराठी शिकवता शिकवता निवृत्त झालेले. ताई ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाच्या जुन्या सभासद. १८९३ साली वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या संस्थेतून त्यांनी शाळकरी वयापासून पुस्तके आणली आहेत आणि आजही आणतात. चौथी होती डॉक्टरची मुलगी, जी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वडिलांबरोबर फेरफटका मारायला आली होती.

डॉक्टरने आपली बाजू मोघमपणे मांडली नाही. १९९५ साली अलिशाचे ‘मेड इन इंडिया’ आले, पुढच्या वर्षी लकी अलीचे ‘सुनो’ आले, आणि उपग्रह वाहिन्या नुकत्याच घरोघरी पोहोचल्या असल्यामुळे तीच ती गाणी दिवसातून कितीतरी वेळा दिसत आणि ऐकू येत. लाकडी पेटीतून बाहेर येणारा मिलिंद सोमण आणि इजिप्तच्या वाळवंटात चित्रित झालेले ‘सुनो’मधले ‘ओ सनम’ या दोन गोष्टी ज्याला आठवत नाहीत असा आमच्या वयाचा माणूस शोधून सापडणार नाही. “जे इतक्या वेळा कानांवर पडले,” डॉक्टर म्हणाला, “ते आवडणारच. त्या जागी दुसरी गाणी वाजवली असती, तर आज आपण त्यांच्यासाठी हळवे झालो असतो.” मी त्याला एवढेच सुचवले, की अलिशाच्या गाण्याची चाल बिद्दूची होती, ज्याने १९७४ साली लंडनमध्ये ‘कुंग फू फायटिंग’ घडवून जगभर वाजवले आणि १९८० साली ‘कुर्बानी’साठी नाझिया हसनकडून ‘आप जैसा कोई’ गाऊन घेतले, त्याच्या गाण्याला निव्वळ वाहिन्यांची करामत म्हणणे बरोबर नाही. शिवाय त्याच वाहिन्यांनी त्याच काळात तितक्याच वेळा वाजवलेली कितीतरी गाणी आज आम्हांला आठवतही नाहीत. वारंवार वाजवण्याने गाणे पाठ होते, हे खरे. ते पंचवीस वर्षांनी पुन्हा लावावेसे वाटण्याला आणखी काहीतरी लागते.

मास्तरांना गाण्यांच्या या चर्चेत फारसा रस नव्हता, पण कादंबऱ्यांचे नाव निघताच ते सरसावून बसले. त्यांचे म्हणणे असे, की गाण्यांबद्दल डॉक्टर म्हणतो ते खरे असले तरी कादंबरीला ते लागू होत नाही. कादंबरी कोणी कानांवर आदळत नाही. ती वाचनालयातून नंबर लावून आणावी लागते, दहा-बारा रात्री तिच्यासाठी द्याव्या लागतात, ती एकट्याने वाचावी लागते आणि मधेच सोडून देण्याची मुभा प्रत्येक पानावर असते. इतके करून जी मनात राहिली, तिच्याबद्दलची आवड पारखलेली असते. गाण्याची आवड ही केवळ सवय.

येथे माझे मत मास्तरांच्या नेमके उलट आहे, आणि मी ते तेथल्या तेथे मांडले. गाण्याबद्दलचे आपले प्रेम रोज कसाला लागते. ‘गारवा’ची कॅसेट १९९८ साली आली, सौमित्रच्या कविता, मिलिंद इंगळे यांच्या चाली आणि दोन गाण्यांच्या मधे बोललेल्या ओळी. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात ती कुठे ना कुठे वाजते, आणि प्रत्येक वेळी, आपल्या लक्षात न येता, आपण तिला पुन्हा पास किंवा नापास करतो. काही गाणी त्यात गळून पडली. जी उरली आहेत ती विशीत आवडली होती म्हणून उरलेली नाहीत. तिशीत, चाळिशीत आणि आता पन्नाशीच्या तोंडावरही आवडली, म्हणून उरली आहेत. कादंबरीचे तसे होत नाही. आपण ती एकदा वाचतो, भारावून जातो, आणि मग तीस वर्षे त्या भारावण्याची आठवण सांगत राहतो. ‘माझी सर्वांत आवडती कादंबरी’ असे जिच्याबद्दल छातीठोकपणे म्हणतो, ती बहुतेक वेळा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षानंतर उघडलेली नसते. म्हणजे डॉक्टरचा आरोप लागू पडत असेल, तर तो गाण्यांना कमी आणि कादंबऱ्यांना जास्त लागू पडतो.

“म्हणजे मला ‘बनगरवाडी’ आवडते हे खोटे?” मास्तरांनी विचारले. त्यांचा आवाज चढला होता, आणि ते स्वाभाविक होते.

“मास्तर, तुम्ही ती वर्गात वर्षानुवर्षे शिकवलीत,” मी म्हणालो. “तुमची ‘बनगरवाडी’ तुम्ही गाण्यासारखी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. म्हणून तुमच्या आवडीवर माझा विश्वास आहे.”

मास्तर क्षणभर थांबले आणि मग त्यांनी जे सांगितले ते त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे बोलणे होते. माडगूळकरांची ती कादंबरी १९५५ सालची. धनगरांच्या वस्तीवर शिक्षक म्हणून पाठवलेला कोवळा मुलगा, त्याच्यावर हळूहळू विश्वास टाकणारा कारभारी, सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम, तिच्यासाठी आलेले राजेसाहेब, आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेली वाडी. तरुणपणी मास्तरांना त्यात आपलाच पराक्रम दिसे: एक शिक्षक वाडीचे रूप पालटू शकतो. नोकरीची बरीच वर्षे उलटल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की तालीम उभी राहते तरी पाऊस यायचा तेव्हाच येतो, आणि पाऊस आला नाही की तालमीसकट सगळे मागे टाकून माणसांना निघावे लागते. ज्या प्रकरणांवर त्यांनी एके काळी भराभर पाने उलटली होती, त्या मेंढरांच्या आणि चाऱ्याच्या वर्णनांवर आता ते सर्वाधिक रेंगाळतात. त्यांना ती आजही आवडते, पण विशीत जिच्यासाठी आवडली होती त्या कारणासाठी नव्हे. यापेक्षा भक्कम पुरावा मला देता आला नसता.

ताईंचा अनुभव अधिक टोकदार होता. १९६७ साली आलेली ‘मृत्युंजय’ त्यांनी शाळेत असताना वाचली होती आणि कर्णासाठी त्या रडल्या होत्या. अलीकडे त्यांनी ती पुन्हा आणली. सुरुवातीला भाषेचा भरजरीपणा त्यांना जड गेला. एका उपमेच्या जागी तीन येतात, आणि प्रत्येक भावनेला सूर्याची साक्ष काढावी लागते, असे त्या म्हणाल्या. त्यांनी ती जवळजवळ परत करायला काढली होती. मात्र शिवाजी सावंतांनी कथा सहा जणांच्या तोंडून सांगितली आहे, आणि त्यांतला एक निवेदक आहे शोण, कर्णाचा धाकटा भाऊ. शाळकरी वयात हा शोण त्यांच्या लेखी नव्हताच. या वेळी, स्वतःच्या थोरल्या भावाचे आजारपण काढून झालेल्या असताना, एका कर्तबगार भावाच्या सावलीत वाढलेला आणि त्याच्यावर निरपेक्ष माया करणारा हा धाकटा त्यांना कर्णापेक्षा जवळचा वाटला. “कर्ण मला आता तितका मोठा वाटत नाही,” ताई म्हणाल्या, “पण ज्या लेखकाला शोणालाही बोलू द्यावेसे वाटले, तो मोठा वाटतो.” पहिल्या प्रेमातले निम्मे गेले आणि त्याच्या जागी दुसरे आले. डॉक्टरच्या सिद्धान्तात या दुसऱ्या प्रेमाला जागा कोठे आहे, असे मी त्याला विचारले.

त्याने उत्तर टाळले नाही. गाणे चार मिनिटांचे असते आणि कादंबरीला पंधरा दिवस लागतात, म्हणून माणसे पुन्हा वाचत नाहीत. त्यात अप्रामाणिकपणा नाही, वेळेची अडचण आहे, असे तो म्हणाला. हे मला मान्य नाही. ‘बनगरवाडी’ एका रविवारात होते. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ तर त्याहूनही छोटेखानी आहे. आणि ‘कोसला’ मोठी असली तरी तिच्यात कोठूनही शिरता येते. नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा लेखक आणि पांडुरंग सांगवीकर दोघेही पंचविशीचे होते, आणि आम्ही ती वाचली तेव्हा आम्हीही त्याच वयाच्या आसपास. वसतिगृह, मेस, परीक्षा, मित्रांची उधारी हे सगळे आम्ही आमचेच म्हणून वाचले आणि एकमेकांना वाचून दाखवले. डॉक्टरला आजही त्यांतले उतारे येतात. मी त्याला विचारले, की मनीचे काय? देवी येऊन गेलेल्या त्या लहान बहिणीबद्दल पांडुरंग जे लिहितो, ते तुला आठवते का? त्याला आठवत नव्हते. ते आठवत नाही याचा अर्थ त्याने ‘कोसला’ची फक्त विशीतली बाजू बरोबर घेतली आहे. ती पाने मी अलीकडे पुन्हा वाचली, तेव्हा पुण्यातली सगळी थट्टामस्करी, जिच्यासाठी आम्ही पुस्तक डोक्यावर घेतले होते, त्या मृत्यूच्या आसऱ्याला आल्यासारखी वाटली. आणि मुलाला पैसे पाठवत राहणारा, मुलाला कधीच न आवडलेला बाप मला प्रथमच माणूस म्हणून दिसला. हे सगळे पुस्तकात तेव्हाही होते.

डॉक्टरच्या मुलीने आतापर्यंत तोंड उघडले नव्हते. तिने वडिलांनाच एक प्रश्न केला: “बाबा, तुमचा नियम खरा असेल, तर मला ‘ओ सनम’ का आवडते? माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता.” वाहिन्या नाहीत, कॅसेट नाही, महाविद्यालयाच्या गच्चीची आठवण नाही, तिला ते गाणे मोबाइलवर अचानक भेटले, आणि गिटारच्या साथीवर कोणताही आटापिटा न करता, जणू स्वतःशीच गाणारा तो किंचित घोगरा आवाज तिला आवडला. तिला ‘मेड इन इंडिया’ तितके आवडत नाही. ‘रणांगण’ तिने एका बैठकीत वाचून काढली, आणि ‘मृत्युंजय’ अर्ध्यावर सोडली.

ती ‘रणांगण’वर जे बोलली ते मला महत्त्वाचे वाटते. १९३९ सालची ही कादंबरी. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू माणसे, त्यांच्यातली हॅर्टा, आणि मायदेशी परतणारा चक्रधर. दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या सुमारासच एका मराठी लेखकाने हे लिहिले होते, हेच तिला थक्क करून गेले. मुंबईला चक्रधर उतरून जातो, हॅर्टाला पुढे जावे लागते, आणि मग तिची पत्रे येतात. त्या पत्रांबद्दल ती म्हणाली, “तो घरी पोहोचला आहे आणि तिला घरच नाही, हे ती एकदाही तक्रार म्हणून लिहीत नाही.” आम्ही तिघे-चौघे ज्या कादंबरीला ‘अपुऱ्या प्रेमाची कथा’ म्हणून वर्षानुवर्षे ओळखत आलो, तिच्याबद्दल इतके नेमके वाक्य आमच्यापैकी कोणी उच्चारले नव्हते. स्मरणरंजनाचे कोणतेही भांडवल हाताशी नसलेल्या वाचकाला एखादी जुनी कृती भिडते, तेव्हा वाद मिटायला हरकत नसावी.

डॉक्टरने एक गोष्ट मात्र धरून ठेवली, आणि ती मीही नाकारत नाही. केकेचे ‘पल’ १९९९ सालचे, लेस्ली लुईस यांच्या चालीचे. निरोपसमारंभात ते गाणारी मुले विशीतच होती आणि विशी संपल्याचे दुःख आगाऊ गात होती. ३१ मे २०२२ रोजी कोलकात्यात एका महाविद्यालयाचा कार्यक्रम करून केके गेला, त्या रात्री डॉक्टरने ते गाणे लावले आणि त्याला ते पुरते ऐकवले नाही. “त्यात चालीची पारख नव्हती,” तो म्हणाला, “माझे वय होते.” असेल. पण त्याने त्या रात्री दुसरे कोणतेही गाणे लावले नाही, तेच लावले, आणि त्या निवडीत पारख होतीच.

शेवटी मास्तरांनी आम्हां सर्वांना अडवले. खांडेकरांची ‘ययाती’ त्यांनी सतराव्या वर्षी वाचली होती, आणि १९७४ साली तिला ज्ञानपीठ मिळाले तेव्हा त्यांनी सबंध वर्गाला पेढे वाटले होते. ती ते पुन्हा वाचणार नाहीत. कचाची प्रवचने आता आपल्याला सहन होणार नाहीत हे त्यांना ठाऊक आहे, आणि सतराव्या वर्षीचा तो आनंद त्यांना मोडायचा नाही. पुन्हा वाचणे ही वाचकावर सक्ती होता कामा नये, असे त्यांनी ठामपणे सांगितले.

मी मास्तरांचा फार आदर करतो, पण येथे त्यांचे ऐकणार नाही. ‘ययाती’त शर्मिष्ठाही बोलते. राजकन्या असून दासी झालेली, वाढते मूल घेऊन रानोमाळ हिंडलेली ती बाई सतरा वर्षांच्या मुलाला कितीशी कळली असेल? ताईंना शोण सापडला तशी मास्तरांना ती सापडण्याची शक्यता आहे, आणि कचाची चार प्रवचने ही त्यासाठी मोजायला मला जास्त किंमत वाटत नाही. ताईंनी सोमवारी संग्रहालयातून प्रत आणून मास्तरांच्या घरी द्यायचे कबूल केले आहे. मास्तरांनी ‘आणा’ म्हटलेले नाही, आणि ‘आणू नका’ असेही म्हटलेले नाही.