थकलो म्हटलं की अगाशी बंद

बडोद्याच्या आमच्या घरच्या ग्रुपवर दिवाळीपासून एक वाद धुमसतो आहे. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात मदतीला जाणाऱ्या माझ्या मावसबहिणीने सुचवलं की तपासणीला येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून थकव्याची एक प्रश्नावली भरून घ्यावी. झालं, सगळे तुटून पडले. डॉक्टरकाका म्हणाले, इथे रक्तातल्या पेशी घसरतात, ताप चढतो, वेळेला रक्त मिळत नाही, ओपीडीत मान वर करायला फुरसत नसते, त्यात 'दमलास का रे' कधी विचारायचं? केमो घेणारं पोर दमणारच. ताईचं म्हणणं वेगळं. तिच्या मुलाचा रक्ताच्या कॅन्सरचा उपचार चालू आहे. "त्याला कशाला त्रास देता, मला विचारा, मी आई आहे त्याची."

मी राहतो टोरोंटोत. इथे बसून काकांना धुडकावून लावणं सोपं आहे. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून जास्त बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली जगासाठी ठेवलेलं उद्दिष्ट मात्र 2030 पर्यंत निदान 60 टक्क्यांचं आहे. जिथे आधी जीव वाचवायचा आहे, तिथे थकव्याचा कागद चैनीचा वाटला तर नवल नाही.

पण 'दमणारच' म्हणून विषय संपत नाही. हिमोग्लोबिन उतरलं असेल, स्टेरॉइडच्या दिवसांत झोपेचा विचका झाला असेल, वॉर्डात रात्री सलाईनचं यंत्र दर तासाला बोंबलत असेल, किंवा पोराच्या पोटात काही टिकत नसेल. प्रत्येकावरचा इलाज निराळा. पेड्स-क्यूएल या मुलांच्या प्रश्नावल्यांमधली थकवा मापनी 2002 पासून वापरात आहे. तिच्यातले 18 प्रश्न शरीराचा, झोपेचा आणि डोक्याचा थकवा वेगवेगळा विचारतात. पाच वर्षांचं मूलही हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांवर बोट ठेवून स्वतः उत्तर देतं. (तिच्यात 100 गुण म्हणजे थकवा नाहीच. आकडा उलटा वाचून कुणी घाबरलं नाही तरच आश्चर्य.)

आईचं आणि मुलाचं उत्तर जुळत नाही, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. मी ते बडोद्याला आमच्याच जिन्यात पाहिलं. दांडिया बाजारातलं घर जुनं, जिना अरुंद आणि उभा. भाचा दुसऱ्या वळणावर खाली बसतो, बुटाचा वेल्क्रो उघडतो, परत लावतो. वेल्क्रो घट्टच असतो. मी विचारलं तर म्हणाला, "मामा, आईला नको सांगू. ती झोपवते." आदल्या उत्तरायणला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, तो 'दमलो' म्हणाला होता, तेव्हा फिरकी त्याच्या हातातून गेली, अगाशीचं दार बंद झालं आणि हा पलंगावर पडून 'काप्यो छे'च्या आरोळ्या ऐकत राहिला.

पोरगं खोटं का बोलतं ते इथे कळतं. खरं उत्तर दिलं की शिक्षा होते. ताईचा जीव तुटतो म्हणून ती झोपवते, हे मला कळतं. पण कॅन्सर झालेल्या मुलांच्या थकव्यावर 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचना ठामपणे सांगतात ते हालचालीचं: झेपेल तेवढं चालणं, खेळणं. अंथरुणात पडून राहिल्याने ताकद आणखी जाते. म्हणजे पतंगही उडवावा, मध्ये मध्ये बसून. फक्त पेशी कमी असताना मांज्याने बोट कापून घेऊ नये, हे डॉक्टरांना विचारून.

आता इथलं, टोरोंटोतलं. सिककिड्स या मुलांच्या रुग्णालयात तयार झालेल्या एसएसपीडी प्रश्नावलीत 15 त्रास आहेत, थकवा त्यातलाच. मूल काल-आजचं सांगतं. पण कागद भरला म्हणजे काम झालं, हा रोग इथेही आहे. मी एका वॉर्डात मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जातो. एका मुलीने टॅबलेटवर पटापट बोटं दाबली आणि मला म्हणाली, कुणी वाचतं का हे? मला उत्तर देता आलं नाही.

वाचलं तर फरक पडतो. अमेरिकेतल्या 20 केंद्रांत 445 मुलांवर केलेला अभ्यास 2024 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आठवड्यातून तीनदा मुलांना विचारलं, उत्तरं उपचार करणाऱ्यांपर्यंत पोचवली, कोणत्या त्रासावर काय करायचं ते आधीच ठरवून दिलं. आठ आठवड्यांत त्रास कमी झाला. मात्र इमर्जन्सीतल्या खेपा वाढल्या, आणि हे काकांच्या बाजूने धरावं लागेल: विचारलं की काम वाढतं.

म्हणून मावसबहिणीला माझं सांगणं असं, की 18 प्रश्न बाजूला राहू देत. काल किती दमलास, एवढं एकच विचार, चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरून, आई औषधाच्या खिडकीपाशी रांगेत असताना. पण त्याआधी काकांकडून अर्ध्या पानावर लिहून घे: सगळ्यात रडक्या चेहऱ्यावर बोट पडलं तर कोणती तपासणी, स्टेरॉइडचा कितवा दिवस ते कुठे बघायचं, चालणं किती, आणि आईशी कोण बोलणार. ते अर्धं पान हातात येईपर्यंत एकाही पोराला विचारू नकोस.